अपंगांसाठीच्या पार्किंग परवान्याचा अर्ज: फॉर्मवर नेमकं काय लिहायचं?

शर्वरी_क (धागाकर्ती)

ओळखीपाळखीत कुणाला राखीव पार्किंगचा परवाना काढायचा असला की फॉर्म भरायला बऱ्याचदा मला बोलावतात. बाबांना पार्किन्सन्स आहे. त्यांच्या परवान्यासाठी धावपळ केली तेव्हापासून हे सुरू झालं. नातेवाईक वेगवेगळ्या देशांत आहेत, त्यामुळे निरनिराळे फॉर्म पाहून झाले. मी पाहिलेले जे अर्ज लटकले, त्यांत माणूस पात्र नव्हता असं क्वचितच होतं. लोकांनी आजाराचं नाव लिहिलं होतं, आणि परवाना देणाऱ्याला चालण्याचं वर्णन हवं होतं.

अमेरिकेचं बघा. तिथे परवाना त्या त्या राज्याचं वाहन खातं देतं, पण पात्रतेची चौकट १९९१ च्या केंद्रीय नियमांत आहे. पहिलीच कसोटी अशी: मध्ये विश्रांतीसाठी न थांबता २०० फूट चालता येत नाही. म्हणजे साधारण ६० मीटर. पुढच्या कसोट्या: काठी, कुबडी, ब्रेस, कृत्रिम पाय, व्हीलचेअर किंवा दुसऱ्या माणसाचा आधार घेतल्याशिवाय चालता न येणं, ऑक्सिजन सोबत बाळगावा लागणं, फुप्फुसं इतकी कमजोर की जोरात श्वास सोडल्यावर पहिल्या सेकंदात एक लिटरही हवा बाहेर पडत नाही, हृदयविकार तिसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीतला (म्हणजे साध्या हालचालीनेही थकवा आणणारा), संधिवात, मज्जासंस्था किंवा हाडांच्या दुखण्यामुळे चालणं फार मर्यादित झालेलं. यातली एक कसोटी लागू पडली तरी पुरते. यादी नीट वाचलीत तर दिसेल की ती जवळजवळ सगळी चालण्याबद्दल आणि धाप लागण्याबद्दल आहे. निदान झालं म्हणून आपोआप परवाना मिळेल असं तिच्यात नाही.

म्हणून 'गुडघेदुखी आहे, चालायला त्रास होतो' या वाक्याने काम होत नाही. तपासणारा माणूस असं वाक्य दिवसभर वाचत असतो. त्याऐवजी असं लिहा:

'सपाट जागेवर काठी घेऊन साधारण चाळीस मीटर गेल्यावर उजव्या गुडघ्यातली कळ सहन होत नाही. तीन-चार मिनिटं भिंतीला टेकून उभं राहावं लागतं. परत निघाल्यावर पहिल्याच्या निम्म्या अंतरात थांबावं लागतं. एवढं चालणं झालं की त्या दिवशी जिना चढता येत नाही.'

हे खरं असलं तरच लिहायचं, हे सांगायला नको. पण खरं असूनही लोक लिहीत नाहीत. 'कसंबसं जमवतो' असं लिहून मोकळे होतात.

अर्ज भरण्याआधी घरच्या कुणालातरी बरोबर घेऊन नेहमीच्या चपला-बुटांत, नेहमीच्या वेगाने एकदा चालून बघा. पहिल्यांदा कुठे थांबलात, का थांबलात (दुखलं, धाप लागली, पाय उचलेना, चक्कर आली), किती वेळ थांबलात आणि नंतर शरीराचं काय झालं, हे सोबतच्याने जागच्या जागी लिहून ठेवायचं. खरेदीची ट्रॉली ढकलत चाललात तर ते आधाराशिवायचं चालणं धरू नका. ट्रॉली म्हणजे आधारच. पुष्कळ लोक ट्रॉलीमुळे अर्धा तास चालतात आणि तेवढंच फॉर्मवर टाकतात.

बाकी अनुभव तुम्ही लिहा, ज्याला लागेल त्याला उपयोग होईल.

निशिगंध

उत्तम धागा. मी फिजिओथेरपिस्ट आहे, डॉक्टरांच्या बाजूचं थोडं लिहिते.

डॉक्टर तुम्हाला चालताना फारसं बघतच नाहीत. तपासणीच्या खोलीत माणूस दारापासून खुर्चीपर्यंत जातो आणि खुर्चीतून टेबलापर्यंत. त्यात ६० मीटर कुठून दिसणार? त्यातून भेटीची वेळ संपत आल्यावर 'तेवढी सही द्या' म्हणून फॉर्म पुढे केला तर त्यांच्या हाती लिहायला काहीच नसतं, आणि ते निदानाचं नाव लिहून सही करतात. परवान्याचं काम आहे हे वेळ घेतानाच सांगा. शर्वरीताईंनी सांगितलेली नोंद एका कागदावर नेऊन त्यांच्या हातात द्या. कॉरिडॉरमध्ये चालून दाखवतो म्हणायलाही हरकत नाही.

पार्किन्सन्सबद्दल एक खास गोष्ट. गोळीचा अंमल चढलेला असताना माणूस चांगला चालतो, आणि डॉक्टरांकडे बहुतेक जण गोळी घेऊन, तयार होऊनच जातात. अंमल उतरल्यावर तोच माणूस दाराच्या उंबऱ्याशी जमिनीला पाय चिकटल्यासारखा थांबतो. अर्जात दोन्ही अवस्था लिहा. दिवसातला किती वेळ कुठली अवस्था असते तेही लिहा. संधिवात आणि मल्टिपल स्क्लेरोसिसलाही हेच लागू आहे. चांगल्या दिवसाचं वर्णन करायची माणसाची सवय असते. नवख्या माणसापुढे कुणी आपलं वाईट सांगत नाही, पण इथे ते सांगावंच लागतं.

केतकी७

लेख वाचून बरं वाटलं, पण आमची अडचण फॉर्मच्याही आधीची आहे. सासूबाईंना दम्यामुळे धाप लागते, दोन खांब ओलांडले की थांबतात. परवान्याचा विषय काढला की म्हणतात, "मी काय अपंग आहे का? ज्यांना पाय नाहीत त्यांच्या जागा मी नाही घेणार." कसं समजवायचं?

शर्वरी_क

@केतकी७, हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं. त्यांना कायद्याची यादी वाचून दाखवा. तिच्यात फुप्फुसांचं स्वतंत्र कलम आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनी सासूबाईंसारख्या माणसांचा विचार आधीच करून ठेवला आहे, त्या कुणाच्या ताटातलं घेत नाहीत. आणि परवाना काढला म्हणजे रोज वापरलाच पाहिजे असं नाही. बरं वाटेल त्या दिवशी साध्या जागेत गाडी लावा. वाईट दिवशी मात्र तो घरात असलेला बरा.

दुसरं, त्यांना 'परवाना काढू या का?' असं विचारू नका. 'तुम्हाला कुठं कुठं जायचं बंद झालंय?' असं विचारा. माझ्या बाबांनी ग्रंथालयात जाणं सोडलं होतं, कारण गाडीतळापासून दरवाजापर्यंतचं अंतर. ते त्यांच्याच तोंडून आलं तेव्हा पुढचं बोलणं सोपं झालं.

मंदार जोशी

विषय संवेदनशील आहे, तरी मनातली शंका विचारतो. गाडी चालवणारा धडधाकट असेल तर तो पेशंटला दाराशी उतरवून गाडी लांब लावू शकतो की. मग परवाना नक्की कशाला लागतो? आमच्याकडेही वडिलांचा अर्ज करायचा विचार चालू आहे, पण हेच कारण पुढे करून भाऊ म्हणतो की गरज नाही.

शर्वरी_क

मंदार, शंका रास्त आहे आणि तुमच्या भावाने ती काढली हे बरं झालं, कारण अर्ज तपासणाराही हाच विचार करू शकतो. त्याचं उत्तर अर्जातच यायला हवं.

दाराशी उतरवून पुढे जाता येतं, पण कधी? उतरवलेला माणूस तिथे एकटा उभा राहू शकत असेल तर. बाबांना मी दाराशी सोडलं तर गाडी लावून परत येईपर्यंत पाच-सात मिनिटं जातात. बसायला बाक नसेल तर तेवढा वेळ ते उभे राहू शकत नाहीत. मागून कुणाचा नुसता धक्का लागला तरी तोल जातो. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला तर एक मिनिटही सोडता येत नाही. तो 'इथेच थांबा' ऐकतो, 'हो' म्हणतो आणि आपण वळलो की चालू लागतो. लहान मुलाच्या बाबतीतही हेच.

आणि परतीचं काय? दवाखान्यातून बाहेर येताना गाडी दाराशी आणायची म्हणजे पुन्हा त्यांना एकटं ठेवणं आलं.

त्यामुळे फॉर्मवर 'सोबत कोण असतं' असा रकाना असला तर फक्त 'मुलगी' लिहू नका. 'मुलगी असते, पण तिला मला एकटं सोडून गाडी लावता येत नाही, कारण…' असं पूर्ण लिहा. तो रकाना नसेल तर वेगळ्या कागदावर लिहून जोडा.

मंदार जोशी

हे डोक्यातच आलं नव्हतं. वडिलांना मधूनमधून विसर पडायला लागला आहे, म्हणजे आम्हाला हे थेट लागू पडतं. भावाला दाखवतो. मनापासून धन्यवाद.

अनिकेत_पु

माझा अनुभव. वय पस्तिशीच्या आतबाहेर, हृदयाच्या स्नायूचा आजार, श्रेणी तिसरी. म्हणजे बसून असलो तर काही होत नाही, पण साध्या हालचालीनेही थकवा येतो आणि धडधड वाढते. बाहेरून काहीच दिसत नाही. परवाना मिळाला, कागदपत्रांत काही अडचण आली नाही. अडचण नंतर येते. गाडीतून उतरलो की लोक वरपासून खालपर्यंत बघतात. एका बाईंनी मुलांसमोर "लाज नाही वाटत?" असं विचारलं होतं. मुलगी त्या वेळी लहान होती, ती घरी येईपर्यंत गप्प होती.

मला वाटतं याचं एक कारण ते चिन्ह आहे. व्हीलचेअरचं हे चिन्ह १९६८ साली सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने काढलं. तिच्या आकृतीत नुसती खुर्ची होती, डोक्याचा गोल नंतर कार्ल मोंटान यांनी घातला. चिन्ह म्हणून ते उत्तमच, लांबून ओळखू येतं. पण ते बघून लोकांच्या मनात पक्कं बसतं की आत खुर्चीच असली पाहिजे. कसोट्यांच्या यादीत हृदय आहे, फुप्फुसं आहेत, पण पाटीवर ती दिसत नाहीत.

आता मी कुणी विचारलं तर एवढंच सांगतो, "परवाना माझ्याच नावाचा आहे, हृदयाचा आजार आहे." निदान सांगायला मी बांधील नाही हे माहीत आहे, पण मुलगी सोबत असताना तिने ऐकावं म्हणून सांगतो.

सई_देव

अनिकेत, तुमचं वाचून गळा दाटून आला. आमचा मुलगा स्वमग्न आहे. इंग्लंडमध्ये ३० ऑगस्ट २०१९ पासून ब्लू बॅजचे (तिथल्या राखीव पार्किंगच्या परवान्याचे) निकष बदलले आणि न दिसणाऱ्या अडचणीही त्यात स्पष्टपणे आल्या. आता चालताना अतिशय मानसिक त्रास होणं, किंवा स्वतःला वा दुसऱ्याला गंभीर इजा होण्याचा धोका असणं, हेही कारण धरलं जातं. मात्र अडचण कायमस्वरूपाची हवी, निदान तीन वर्षं टिकेल अशी.

अशा अर्जात पायांच्या चालण्याबद्दल लिहून भागत नाही, मुलगा मैलभर चालतो. मी प्रसंग लिहिले. हॉर्न वाजला की कान दाबून खाली बसतो, मग गाड्यांच्या मधोमध असला तरी उठत नाही. हात सोडवून घेऊन उलट दिशेने पळतो. दरवाजापासून गाडी जितकी लांब तितका हा धोका वाढतो, हे वाक्य मी मुद्दाम घातलं, कारण ते घातल्याशिवाय पार्किंगचा संबंधच लागत नाही. सोबत शाळेचं पत्र आणि त्याच्या थेरपिस्टचं पत्र जोडलं. दोघांनाही विनंती केली होती की 'मुलगा गोड आहे, प्रगती छान आहे' असलं लिहू नका, रस्त्यावर काय होतं तेच लिहा.

पीआयपी नावाचा तिथला अपंगत्वाचा सरकारी भत्ता मिळणाऱ्यांना हिंडण्याफिरण्याच्या भागात आठ किंवा जास्त गुण असतील तर ब्लू बॅज थेट मिळतो, पुन्हा सगळं सिद्ध करावं लागत नाही. भत्त्याचं निर्णयपत्र सगळ्या पानांसकट ठेवा, नुसतं पहिलं पान चालत नाही. गुण आतल्या पानांवर असतात.

विदुला

मी पूर्णवेळ व्हीलचेअर वापरते, स्वतः व्हॅन चालवते. परवान्याच्या धाग्यावर हेही लिहिलं गेलं पाहिजे म्हणून लिहिते.

राखीव जागेच्या शेजारी तिरक्या पट्ट्यांचा जो मोकळा भाग असतो, तो शोभेसाठी नसतो. अमेरिकेच्या मानकांप्रमाणे तो निदान ६० इंच रुंद असतो. व्हॅनसाठी एक तर जागा १३२ इंच रुंद करून शेजारी ६० इंच मोकळे ठेवतात, नाहीतर ९६ इंच जागा आणि ९६ इंच मोकळे. कारण माझ्या व्हॅनच्या कुशीतून रॅम्प बाहेर पडतो आणि त्या पट्ट्यांवर टेकतो. रॅम्प उतरल्यावर पुढे खुर्ची वळवायला तेवढीच जागा आणखी लागते. कुणी त्या पट्ट्यांवर 'दोनच मिनिटं' म्हणून मोटरसायकल लावली, किंवा ट्रॉल्या आणून सोडल्या, की माझा दरवाजा उघडतो पण मी बाहेर येऊ शकत नाही. मी आत गेलेली असताना असं झालं तर आणखी वाईट, कारण मग मला घरी जाता येत नाही. अंधार पडल्यावर एका अनोळखी माणसाला माझी गाडी मागे घे म्हणून किल्ली द्यावी लागली आहे. पुन्हा ती वेळ येऊ नये एवढीच इच्छा आहे.

ज्यांना परवाना मिळेल त्यांना एक विनंती. काठीने चालणाऱ्यांना साधी राखीव जागा पुरत असेल आणि ती रिकामी असेल, तर व्हॅनची पाटी असलेली जागा सोडा. नियमाने तुम्ही तिथे लावू शकता, पण मला दुसरीकडे उतरताच येत नाही.

केतकी७

विदुलाताई, हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं. पट्ट्यांचं प्रयोजन आज कळलं. सासूबाईंनाही तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, आणि आश्चर्य म्हणजे त्या अर्जाला तयार झाल्या. "नियम पाळून वापरायचा असेल तर काढू," म्हणाल्या.

रोहिणी_स

भारतात असा परवाना मिळतो का? आईला पक्षाघात झाला आहे, उजवी बाजू कमजोर आहे.

शर्वरी_क

@रोहिणी_स, सबंध देशात चालेल असं फक्त पार्किंगचं कार्ड भारतात नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मानली आहे, आणि बस थांबे, रेल्वे स्थानकं, विमानतळ इथे पार्किंगसह सोयी सुगम असाव्यात असं म्हटलं आहे. तुमच्या हातात असायला हवं ते दिव्यांगता प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. दोन्हींचा अर्ज स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर एकत्रच होतो. त्यानंतर आईंना नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणीला न्यावं लागतं. बऱ्याच सवलतींसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगता असावी लागते, त्यामुळे तपासणीला जाताना मेंदूच्या स्कॅनचे आणि फिजिओथेरपीचे सगळे कागद न्या. राखीव जागेवर कुणी हटकलं तर यूडीआयडी दाखवता येतं. गाडीच्या काचेवर चिन्हाचा स्टिकर लावल्याने कायदेशीर हक्क मिळत नाही, पण लांबून कळतं म्हणून लोक लावतात.

पक्षाघातानंतर सुधारणा होत असते, म्हणून प्रमाणपत्र कधी कधी ठरावीक मुदतीचं देतात. मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा.

प्राजक्ता

माझं खुब्याचं ऑपरेशन ठरलं आहे. तेवढ्यापुरता मिळतो का?

निशिगंध

अमेरिकेत मिळतो. तात्पुरता परवाना लाल रंगाचा असतो, कायमचा निळा. केंद्रीय नियमांप्रमाणे तात्पुरत्याची मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त नसते, आणि किती काळ लागेल ते डॉक्टरांनी फॉर्मवर लिहायचं असतं. ऑपरेशनच्या आधीच्या भेटीतच सही घेऊन ठेवा, कारण नंतर पहिले काही आठवडे तुम्हाला कार्यालयात जाणं जमणार नाही. घरचं कुणी फॉर्म नेऊन देऊ शकतं का तेही आधीच विचारून ठेवा. इंग्लंडमध्ये सईताईंनी लिहिलेली तीन वर्षांची अट आड येते, त्यामुळे ऑपरेशननंतरच्या काही महिन्यांसाठी ब्लू बॅज सहसा मिळत नाही.

सदानंद_ग

परवाना गाडीचा की माणसाचा? आमच्याकडे दोन गाड्या आहेत, आणि मुलगा त्याच्याही गाडीतून आईला नेतो.

सई_देव

काका, माणसाचा. ज्या गाडीत त्या बसलेल्या असतील तिच्यात लावायचा, मग गाडी मुलाची असो, शेजाऱ्यांची असो वा टॅक्सी. अमेरिकेचा परवाना गाडी उभी असताना आतल्या आरशाला टांगायचा, आणि गाडी सुरू करण्याआधी काढून ठेवायचा, कारण समोरचं दिसायला आड येतो. ब्लू बॅज डॅशबोर्डवर ठेवतात, फोटोची बाजू खाली. आई घरी असताना त्यांच्या औषधांसाठी जरी मुलगा एकटा गेला तरी तो वापरायचा नाही. इंग्लंडमध्ये गैरवापराला हजार पौंडांपर्यंत दंड आहे आणि बॅज जप्तही होऊ शकतो.

सदानंद_ग

समजलं. आणखी एक विचारतो, आम्ही मुलीकडे दुसऱ्या देशात जातो तेव्हा?

शर्वरी_क

अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत असं आहे की राज्यांनी इतर राज्यांचे आणि इतर देशांचेही परवाने मानावेत. मूळ कार्ड न्या, झेरॉक्स नको. युरोपीय संघात १९९८ पासून कार्डाचा नमुना सारखा ठेवायची शिफारस आहे, आणि २०२४ मध्ये सगळ्या सदस्य देशांसाठी एकच युरोपीय पार्किंग कार्ड आणायचा कायदा झाला. तो जून २०२८ पासून लागू व्हायचा आहे. पण कार्ड मानलं तरी सवलती सारख्या नसतात. कुठे पैसे माफ असतात, कुठे फक्त जागा राखीव असते. कुठे वेळेची मर्यादा असते आणि आल्याची वेळ दाखवणारी तबकडी कार्डाशेजारी ठेवावी लागते. निघण्याआधी मुलीला तिथल्या पालिकेच्या संकेतस्थळावर बघायला सांगा.

केतकी७

आमचा अर्ज आज भरला. सासूबाईंनी स्वतः सांगितलं, मी लिहिलं. एक शंका राहिली. नामंजूर झाला तर?

शर्वरी_क

नकाराचं कारण लेखी मागा. इंग्लंडमध्ये कौन्सिलला (तिथल्या पालिकेला) फेरविचाराची विनंती करता येते. अमेरिकेत बहुतेक वेळा डॉक्टरांच्या भागातला एखादा रकाना कोरा राहिलेला असतो, तो भरून पुन्हा देता येतो. फेरअर्जात तेच वर्णन पुन्हा चिकटवू नका. ज्या मुद्द्यावर नाही म्हटलं आहे त्याच मुद्द्याचा नवा पुरावा जोडा. तुमच्या बाबतीत तो फुप्फुसांच्या तपासणीचा अहवाल असेल, पहिल्या सेकंदाच्या आकड्यासकट. तो आत्ताच मागवून ठेवा. आणि भरलेल्या फॉर्मचे सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा, नूतनीकरणाला हेच सगळं पुन्हा लिहावं लागतं.